वाचकांचे प्रश्न : ‘टॉक’ हा शब्द आला कोठून?

इंग्रजीत बोलण्यासाठी सर्वाधिक कानी पडणाऱ्या ‘टॉक’ या शब्दाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरे दिली आहेत. एकच मुद्दा अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडला असल्यास ते प्रश्न एकत्र केले आहेत. ‘स्पीक’ आणि ‘से’ या सोबतच्या शब्दांविषयीचे प्रश्नही घेतले आहेत, कारण त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय ‘टॉक’चे वेगळेपण नीट कळत नाही.

प्रश्न : ‘टॉक’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो ‘टेल’ या क्रियापदापासून निघाला असे एका कोशात वाचले. तसे असेल, तर बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ का म्हणतात? मोजण्याचा आणि बोलण्याचा संबंध काय?

उत्तर : कोशातील माहिती जवळजवळ बरोबर आहे, ‘टॉक’ हा ‘टेल’पासून थेट निघाला असे म्हणण्यापेक्षा दोघांचे कूळ एक आहे, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. या कुळात तीन शब्द येतात : सांगणे या अर्थाचे क्रियापद ‘टेल’, कथा या अर्थाचे नाम ‘टेल’ आणि आपला ‘टॉक’. पहिल्या दोहोंचे उच्चार इंग्रजीत वेगळे असले तरी देवनागरीत ते सारखेच लिहावे लागतात, म्हणून येथे प्रत्येक वेळी ‘क्रियापद’ किंवा ‘नाम’ असे स्पष्ट केले आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, क्रियापदाचे रूप ‘तेल्लन’ होते आणि नामाचे ‘तालु’. ‘टॉक’ मात्र त्या काळच्या लेखनात आढळत नाही. तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखनात ‘टाल्कन’ अशा रूपात दिसू लागतो.

आता मोजण्याकडे वळू. ‘तेल्लन’ या क्रियापदाला जुन्या इंग्रजीत दोन अर्थ होते, मोजणे आणि सांगणे, आणि ते परस्परांपासून दूर मानले जात नव्हते. शेजारच्या भाषांत तर हे नाते आजही उघड दिसते. जर्मन भाषेत ‘त्साल’ म्हणजे संख्या, ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे आणि त्यालाच उपसर्ग लावून झालेला ‘एर्त्सेलेन’ म्हणजे कथा सांगणे. डच भाषेत मोजणे ‘टेलन’ आणि सांगणे ‘फरटेलन’. शिवाय त्याच कुळातला ‘ताल’ हा शब्द डचमध्ये चक्क ‘भाषा’ या अर्थाने वापरतात. स्वीडिशमध्ये ‘ताला’ म्हणजे बोलणे. ‘त्साल’मधला ‘त्स’ आणि ‘टेल’मधला ‘ट’ हा फरक नियमित आहे. जर्मन भाषेत शब्दारंभीच्या ‘ट’चा ‘त्स’ झाला आणि इंग्रजीत तो ‘ट’च राहिला, म्हणूनच दहा या संख्येला इंग्रजीत ‘टेन’ आणि जर्मनमध्ये ‘त्सेन’ म्हणतात.

इंग्रजीत क्रियापद ‘टेल’चा मोजण्याचा अर्थ हळूहळू मागे पडला, पण पुसला गेला नाही. 1611 साली इंग्लंडमध्ये राजाश्रयाने प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात, 147 व्या स्तोत्रात, परमेश्वर ताऱ्यांची संख्या ‘टेल’ करतो, असे वाक्य आहे. आजच्या अर्थाने वाचले, तर परमेश्वर कोणाला तरी ताऱ्यांची संख्या सांगत आहे असे वाटेल. अभिप्रेत अर्थ मात्र तो तारे मोजतो असा आहे. त्याच भाषांतरात, इजिप्तमध्ये राबणाऱ्या इस्रायली लोकांना पेंढा मिळणार नाही, पण विटांची ‘टेल’ पूर्ण भरावी लागेल, असा हुकूम सुनावला जातो. येथील ‘टेल’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ कथा नसून ठरलेली संख्या आहे. मिल्टनच्या 1645 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लालेग्रो’ या कवितेत झुडपाच्या सावलीत प्रत्येक मेंढपाळ ‘टेल्स हिज टेल’ अशी ओळ आहे. मेंढपाळ तेथे गोष्ट सांगतो आहे की मेंढरे मोजतो आहे, यावर अभ्यासकांचा वाद बराच जुना आहे. पहाटेच्या वर्णनात मेंढरे मोजणेच मला अधिक शोभणारे वाटते. पण मिल्टनसारख्या कवीला दोन्ही अर्थ ऐकू येत नसतील, हे मानणे कठीण आहे.

बँकेतील ‘टेलर’ हा याच जुन्या अर्थाचा वारस आहे. टेलर म्हणजे मोजणारा. इंग्लंडच्या राजकोषात पैसे स्वीकारणाऱ्या आणि देणाऱ्या चार अधिकाऱ्यांना हेच पदनाम होते आणि ती पदे 1834 मध्ये रद्द झाली. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी होते तेव्हा मते मोजणाऱ्या सदस्यांना आजही ‘टेलर’ म्हणतात. जपमाळेचे मणी ओढण्याला इंग्रजीत ‘टेल’ हे क्रियापद वापरतात, अगणित संपत्तीला ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणतात आणि सगळे मिळून किती झाले हे सांगताना ‘ऑल टोल्ड’ असा प्रयोग करतात. या तिन्ही ठिकाणी ‘सांगणे’ हा अर्थ घेतला तर वाक्याचा मेळच बसत नाही. सावधगिरीचा इशारा एवढाच की रस्त्यावर भरावा लागणारा ‘टोल’ या कुळातला नाही. तो ग्रीक आणि लॅटिनमधून आलेला, करवसुलीशी संबंधित शब्द आहे. तसेच कपडे शिवणारा ‘टेलर’ फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ कापणे या अर्थाच्या शब्दात आहे.

मोजणे आणि सांगणे हे दोन अर्थ एका शब्दात का नांदावेत, याचे उत्तर फार लांब शोधायला नको. घडलेली हकीकत सांगणे म्हणजे घडलेल्या गोष्टी क्रमाने, एकही न गाळता, एकापुढे एक मांडणे, आणि मोजणे म्हणजेही तेच. मराठीत आपण तक्रारींचा पाढा वाचतो तेव्हा नेमके हेच करत असतो. संस्कृतातील ‘ख्या’ या धातूकडे पाहिले, तर हा योग आणखी ठळकपणे दिसतो : ‘आ’ हा उपसर्ग लावला की ‘आख्यान’ आणि ‘आख्यायिका’ हे शब्द मिळतात, ‘सम्’ लावला की ‘संख्या’ मिळते. लॅटिनमधील ‘कोम्पुतारे’, म्हणजे हिशेब करणे, या एकाच क्रियापदापासून फ्रेंचमध्ये मोजण्याचे आणि कथा सांगण्याचे अशी दोन क्रियापदे निपजली. त्यांचा उच्चार आजही एकच आहे, फक्त लेखन वेगळे. इंग्रजीतील ‘काउंट’, ‘अकाउंट’ आणि हकीकत सांगणे या अर्थाचा ‘रिकाउंट’ हे त्याच घराण्यातले, आणि ‘कॉम्प्युटर’ही तेथलाच. तेव्हा इंग्रजीत जे घडले ते काही जगावेगळे नव्हते.

राहिला ‘टॉक’मधला ‘क’. जुन्या इंग्रजीत आणि तिच्यानंतरच्या टप्प्यात, एखादी क्रिया पुनःपुन्हा किंवा रेंगाळत चालली आहे हे दाखवण्यासाठी क्रियापदाच्या शेवटी ‘क’ लागत असे. ऐकणे या अर्थाच्या ‘हिअर’पासून कान देऊन ऐकत राहण्याचा ‘हार्क’ झाला, आणि चोरपावलांनी जाण्याशी संबंधित ‘स्टील’पासून सावजाच्या मागावर राहण्याचा ‘स्टॉक’ झाला. ‘टेल’च्या कुळातून ‘टॉक’ तयार झाला तो याच रीतीने. म्हणजे एकदा सांगणे हे ‘टेल’, आणि सांगत राहणे, एकमेकांना काही ना काही सांगत बसणे हे ‘टॉक’. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील पूर्व फ्रिजियन भाषेतही ‘टाल्कन’ हे क्रियापद गप्पा मारणे, कुजबुजणे या अर्थाने आढळते. शब्दाच्या मूळ अर्थाचा हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ‘टॉक’ आज कोठे चालतो आणि कोठे चालत नाही हे त्यावरून ठरते. त्याचा विचार पुढच्या एका उत्तरात केला आहे.

प्रश्न : ‘टॉक’ लिहिताना इंग्रजीत ‘एल’ हे अक्षर येते, पण उच्चारात ‘ल’ येत नाही. हा ‘ल’ पूर्वी उच्चारला जात होता का? आणि ‘मिल्क’, ‘सिल्क’ या शब्दांत तो कसा टिकला?

उत्तर : होय, तो उच्चारला जात होता, आणि स्पेलिंगमध्ये त्याची जागा खरी आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘आ’सारख्या स्वरानंतर ‘ल’ आणि त्यापुढे ‘क’ आला की स्वर आणि ‘ल’ यांच्यामध्ये ‘उ’सारखी श्रुती (ओझरता जोडध्वनी) शिरू लागली, म्हणजे ‘टाल्क’चा उच्चार ‘टाउल्क’कडे झुकला. अशा ठिकाणी इंग्रजीतील ‘ल’ जिभेच्या मागच्या भागाने, जाडसर उच्चारला जातो, आणि तो ‘उ’च्या इतका जवळ असतो की पुढे दोन्ही वेगळे ठेवण्याची गरज उरली नाही. ‘ल’ गळाला आणि ‘आउ’चा दीर्घ ‘ऑ’ झाला. हा बदल प्रामुख्याने पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत पसरला. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातल्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, त्यामुळे बोलण्यातून गेलेले अक्षर कागदावर राहिले.

हे नुकसान एकट्या ‘टॉक’चे झाले नाही. ‘वॉक’, ‘चॉक’ आणि ‘फोक’ यांचीही तीच कथा; ‘फ’पूर्वी ‘हाफ’ आणि ‘काफ’ यांची, आणि ‘म’पूर्वी ‘काम’ व ‘पाम’ यांची. ‘मिल्क’ आणि ‘सिल्क’ बचावले ते त्यांच्यातील स्वर ‘इ’ असल्यामुळे. ‘इ’ हा जिभेच्या पुढच्या भागाने उच्चारला जाणारा स्वर असल्याने तेथे ‘उ’ची श्रुती शिरली नाही आणि ‘ल’ जागच्या जागी राहिला.

या निमित्ताने एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘वुड’ आणि ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदांतील ‘ल’ पूर्वी खरोखर उच्चारला जात असे. ‘कुड’ या शब्दात मात्र तो कधीच नव्हता. त्या दोघांच्या पंगतीत बसवण्यासाठी लिहिणाऱ्यांनी तो तेथे घुसवला. याच्या उलट ‘फॉल्ट’ या फ्रेंचमधून आलेल्या शब्दात ‘ल’ नव्हता; लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो आधी लिहिला गेला आणि मग लोक तो उच्चारूही लागले. लेखन उच्चाराच्या मागून चालते हा आपला नेहमीचा समज इंग्रजीच्या बाबतीत फारसा विश्वासार्ह नाही.

चेहऱ्याला लावण्याच्या पावडरीतील ‘टाल्क’ या खनिजाच्या नावाचा येथे काही संबंध नाही. तो शब्द अरबीतील ‘तल्क’पासून आलेला आहे आणि त्यातील ‘ल’ उच्चारलाच पाहिजे.

प्रश्न : ‘टॉक’ हा संस्कृत ‘तर्क’ या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे मी ऐकले आहे. तर्क मांडणे म्हणजे बोलणेच, असे त्यासाठी सांगितले जाते. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. दोन शब्द कानाला सारखे लागणे ही नात्याची खूण नव्हे, आणि या दोन भाषांच्या बाबतीत तर फार सारखे लागणे हीच संशयाची जागा असते. 2 फेब्रुवारी 1786 रोजी विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एक असावा असे मत मांडले. पुढे रास्मुस रास्क आणि याकोब ग्रिम यांनी या भाषांतील व्यंजनांचे बदल नियमात बसवले, आणि ग्रिमने 1822 मध्ये ते सविस्तर मांडल्यामुळे तो नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. या नियमाप्रमाणे संस्कृतात जेथे ‘द’ दिसतो तेथे इंग्रजीत ‘ट’ येतो : द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ, दारु आणि ट्री. संस्कृतात जेथे ‘त’ असतो तेथे इंग्रजीत ‘थ’ मिळतो : त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट. तेव्हा ‘तर्क’चे इंग्रजी भावंड असेलच, तर त्याचा आरंभ ‘थ’ने व्हायला हवा. ‘ट’ने सुरू होणारा ‘टॉक’ पहिल्याच अक्षराला बाद होतो.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. या व्युत्पत्तीचा सारा भर ‘क’ वर आहे, आणि ‘टॉक’मधला ‘क’ मूळ धातूचा नव्हेच. वर सांगितल्याप्रमाणे तो नंतर लागलेला प्रत्यय आहे. तो काढून ठेवला की हातात ‘टल’ किंवा ‘तल’ एवढेच उरते, आणि ‘तर्क’शी असलेले साम्य नाहीसे होते. हा शब्द संस्कृतातून उसना गेला असेल असे म्हणावे, तर तोही मार्ग बंद आहे, कारण तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रज व्यापारी पूर्वेकडे निघण्याच्या कितीतरी आधी, तो इंग्लंडमध्ये वापरात होता. ‘टॉक’च्या मुळाशी जो आद्य धातू मानला जातो, त्याचे मोजण्याच्या किंवा सांगण्याच्या अर्थाचे निर्विवाद भावंड संस्कृतात दाखवता येत नाही.

पण निराश होण्याचे कारण नाही. बोलण्याच्या शब्दांत संस्कृतचे खरे आप्त इंग्रजीत भरपूर आहेत, फक्त ते कानाला ओळखू येत नाहीत. ‘वाच्’ आणि लॅटिन ‘वोक्स’ हे सख्खे नातलग आहेत, आणि त्या ‘वोक्स’पासून फ्रेंचमार्गे आलेला ‘व्हॉइस’ आपण रोज वापरतो. संस्कृत ‘भण्’ हा धातू लॅटिनमधील बोलणे या अर्थाच्या ‘फारी’शी जोडला जातो, कारण संस्कृत ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये ‘फ’ येतो, जसे भ्राता आणि ‘फ्रातेर’. त्या ‘फारी’च्या परिवारातून ‘फेम’, ‘फेबल’ आणि ‘फेट’ आले. ‘इन्फन्ट’ हाही तेथलाच. त्याचा शब्दशः अर्थ ‘अजून न बोलणारा’ असा आहे. दुसऱ्या बाजूला ‘भण्’चे प्राकृतात ‘भणइ’ झाले आणि त्यातून आपले ‘म्हणणे’ आले, म्हणजे मराठीतील ‘म्हणणे’ आणि इंग्रजीतील ‘फेम’ दूरचे का होईना पण नातेवाईक ठरतात. संस्कृत ‘शंस्’ आणि लॅटिन ‘केन्सेरे’ यांचे नाते तर मला फार आवडते, कारण त्या एकाच मुळापासून एकीकडे ‘प्रशंसा’ आणि दुसरीकडे ‘सेन्सॉर’ हे शब्द तयार झाले. ‘श्रुत’ हा शब्द आणि इंग्रजी ‘लाउड’ हेही एकाच आद्य रूपाचे दोन वंशज आहेत. ऐकले गेलेले ते ‘श्रुत’, आणि सहज ऐकू येईल असे ते ‘लाउड’.

प्रश्न : ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या दोहोंचा अर्थ बोलणे असाच आहे. मग ‘स्पीक इंग्लिश’ म्हणतात आणि ‘टॉक इंग्लिश’ सहसा म्हणत नाहीत, असे का? ‘स्पीक’ हा शब्द मुळात कोठला?

उत्तर : ‘स्पीक’ वयाने मोठा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘स्प्रेकन’ होते, त्यात ‘र’ होता, आणि जर्मन ‘श्प्रेखेन’ व डच ‘स्प्रेकन’ यांत तो आजही आहे. जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात ‘र’ नसलेले ‘स्पेकन’ हे रूप त्याच्याबरोबर दिसू लागले आणि बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘र’चे रूप वापरातून गेले. ‘स्पीच’ या नामाचेही तेच झाले. जर्मन ‘श्प्राखे’मध्ये, म्हणजे भाषा या अर्थाच्या शब्दात, ‘र’ शाबूत आहे आणि इंग्रजी ‘स्पीच’मध्ये तो नाही. ‘स्प्रेकन’च्याही मागे गेल्यास काही अभ्यासक त्याचा संबंध तडतडणे या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दांशी लावतात. तो संबंध धरला, तर ‘स्पीक’ची सुरुवात तोंडातून निघणाऱ्या ध्वनीपासून होते, आणि ‘टॉक’ची सुरुवात, आपण पाहिल्याप्रमाणे, सांगण्या-मोजण्यापासून.

दोघांच्या आजच्या वापरातील फरक या उगमांशी बराच जुळतो. ‘स्पीक’ हे वाचेचे सामर्थ्य दाखवते. एखाद्याला एखादी भाषा येते, म्हणजे त्या भाषेत ध्वनी काढून अर्थ पोहोचवण्याची शक्ती त्याच्याजवळ आहे, आणि म्हणून तेथे ‘स्पीक इंग्लिश’ हाच प्रयोग बसतो. व्यासपीठावरून एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, तेथेही ‘स्पीक’ येते. ‘टॉक’ला मात्र समोरच्या माणसाची गरज भासते, ते देवाणघेवाणीचे क्रियापद आहे. म्हणून तडजोडीसाठी दोन पक्ष भेटतात त्या वाटाघाटींना ‘टॉक्स’ म्हणतात, ‘स्पीचेस’ म्हणत नाहीत. ‘वी नीड टु टॉक’ हे वाक्य ऐकून ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो याच कारणाने, की तेथे केवळ ऐकून सुटका होणार नसते, उत्तरही द्यावे लागते. ही रेषा सगळीकडे तितकीच पक्की नाही. व्याख्यानाला ‘टॉक’ म्हणण्याची पद्धत रुळली आहे. मात्र तेथेही ‘लेक्चर’चा औपचारिकपणा कमी करून श्रोत्यांशी जवळीक सुचवायची असते, म्हणजे जुना अर्थ अगदीच सुटलेला नाही.

‘स्पीक’चा औपचारिकपणा एका पदनामात ठळकपणे उतरला आहे. हाउस ऑफ कॉमन्सच्या अध्यक्षाला ‘स्पीकर’ म्हणतात, आणि ही पदवी 1377 मध्ये सर टॉमस हंगरफर्ड यांना मिळाल्याची नोंद आहे. आजचा स्पीकर चर्चेत भाग घेत नाही, तो इतरांना बोलू देतो. मग त्याला बोलणारा का म्हणावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे काम मुळात सभागृहात बोलण्याचे नव्हते. सभागृहाचे म्हणणे राजापुढे जाऊन मांडण्याचे ते काम होते, आणि राजाला ते नेहमीच रुचेल असे नसल्याने ते जोखमीचेही होते. 

भूतकाळाविषयी थोडक्यात : जुने रूप ‘स्पेक’ असे होते, 1611 च्या बायबलमध्ये ते वारंवार भेटते, आणि ‘स्पोकन’ या रूपाच्या प्रभावाने पुढे ‘स्पोक’ रूढ झाले. मापाप्रमाणे शिवलेल्या कपड्यांना ‘बिस्पोक’ म्हणतात ते ‘बिस्पीक’, म्हणजे आधी बोलून ठेवणे, या क्रियापदावरून. चाकाच्या ‘स्पोक’शी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : ‘ही सेड दॅट’ हे बरोबर आणि ‘ही टॉक्ड दॅट’ हे चूक, असे शाळेत शिकलो, पण कारण कोणी सांगितले नाही. ‘से’ आणि ‘टॉक’ यांत असा कोणता फरक आहे?

उत्तर : ‘से’ला उच्चारलेले शब्द किंवा त्यांचा आशय लागतो, ‘टॉक’ला लागत नाही. ‘टॉक’मध्ये सातत्य दाखवणारा प्रत्यय आहे हे आठवले, तर कारण दिसू लागते. दोन तास चाललेल्या बोलण्याचे वर्णन ‘टॉक’ करते, त्या बोलण्यातून एखादे वाक्य उचलून पुढे ठेवत नाही. ‘ही टॉक्ड फॉर टू अवर्स’ हे पूर्ण वाक्य आहे, आणि तो नेमके काय म्हणाला हे त्यात कोणी शोधत नाही. उलट ‘ही सेड’ एवढेच लिहिले तर वाचणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत राहतो. मराठीत ‘तो दोन तास बोलत होता’ हे चालते आणि ‘तो दोन तास म्हणत होता’ हे अपुरे वाटते, तसाच हा भेद आहे. विषय सांगायचा असेल तर ‘टॉक’ला ‘अबाउट’चा आधार घ्यावा लागतो. ‘टॉक शॉप’, ‘टॉक सेन्स’ किंवा ‘टॉक बिझनेस’ अशा ठरावीक प्रयोगांत नाम थेट येते, पण तेथेही ते बोललेले शब्द नसून बोलण्याचा विषय किंवा प्रकार असतो.

‘से’ची वंशावळ प्रतिष्ठित आहे. जर्मन ‘झागेन’ त्याचे भावंड. जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, वीरकथा या अर्थाचा ‘सागा’ हा शब्द त्याच कुळातला. होमरच्या ‘ओडिसी’च्या पहिल्या ओळीत कवी कलादेवतेला ‘एन्नेपे’, म्हणजे ‘सांग’, अशी विनवणी करतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लिव्हियस आंद्रोनिकस याने त्या काव्याचा लॅटिन अनुवाद केला तेव्हा त्या जागी ‘इन्सेके’ हा शब्द योजला. ग्रीक ‘एन्नेपे’, लॅटिन ‘इन्सेके’ आणि इंग्रजी ‘से’ हे तिन्ही एकाच धातूचे वंशज मानले जातात. त्या मानाने ‘टॉक’ हा घरगुती शब्द आहे. त्याला महाकाव्याच्या आरंभी बसण्याचा मान कधी मिळाला नाही.

‘टॉक’पूर्वी त्याचे काम कोण करत होते, हेही काहींनी विचारले आहे. जुन्या इंग्रजीत ‘माथेलियन’ असे एक क्रियापद होते, सभेत भारदस्तपणे बोलण्याचे. ‘बेओवुल्फ’ या काव्यात वीर बोलायला उभे राहतात तेव्हा तेच येते. ते पूर्णपणे लुप्त झाले. ‘क्वेथन’ हे दुसरे क्रियापद ‘क्वोथ’ या जुनाट रूपात आणि मृत्युपत्राने देणे या अर्थाच्या ‘बिक्वीद’मध्ये उरले आहे. साध्या गप्पांच्या ‘टॉक’ने मात्र सभा, वाटाघाटी आणि व्याख्याने या सगळ्यांत शिरकाव करून घेतला.

प्रश्न : ‘टॉकेटिव्ह’ हा शब्द लॅटिन वाटतो. तो कसा तयार झाला? आणि ‘वॉकी-टॉकी’?

उत्तर : ‘टॉकेटिव्ह’चे धड इंग्रजी आणि शेपूट लॅटिन आहे. ‘डेमॉन्स्ट्रेटिव्ह’ किंवा ‘नॅरेटिव्ह’ यांना शोभणारा प्रत्यय अस्सल देशी क्रियापदाला लावण्याचा हा प्रकार पंधराव्या शतकापासून नोंदलेला आहे, आणि अशी जोडी इंग्रजीत क्वचितच जमते. ‘स्पीक’ किंवा ‘टेल’पासून असे विशेषण कोणी केले नाही. ‘वॉकी-टॉकी’ हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चालता-चालता बोलता येईल अशा सैनिकी बिनतारी संचासाठी रूढ झाले. ‘वॉक’ आणि ‘टॉक’ यांचे यमक तयार होतेच, कारण दोघांतलाही ‘ल’ एकाच नियमाने गेला होता.